पाणी नक्की कुठून आलं? : नदीकाठच्या वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात म्हटलं होतं की नदी, ओढे, पूर यावरचे प्रश्न पाठवा, तर इनबॉक्सच तुंबला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, पाच निवडलेत. सोसायट्यांची नावं मुद्दाम काढलीत, फ्लॅटचे भाव पडतील म्हणून लोक घाबरतात आणि ते मला समजतं.

ताई, आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रोडला मुठा नदीच्या बाजूला आहे. २०२४ च्या जुलैत पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं, लिफ्ट, मीटर, गाड्या सगळं गेलं. आता एका कन्सल्टंटने क्लायमेट अडॅप्टेशन प्लॅन म्हणून साडेचार लाखांचं कोटेशन दिलंय, त्यात मुख्य काम म्हणजे नदीकडची कंपाउंडची भिंत उंच करणे. कमिटीत दोन तट पडलेत. घ्यावं का? (सेक्रेटरी, सिंहगड रोड)

आधी मला एक सांगा, तो माणूस पावसात येऊन गेला का? आणि तुमच्या वॉचमनशी बोलला का? दोन्हीचं उत्तर नाही असेल तर सही करू नका अजून.

हे मी शहाणपणाने नाही सांगत, कन्सल्टंट म्हणून स्वतः माती खाल्लीये म्हणून सांगते. दहाएक वर्षांपूर्वी अशाच एका सोसायटीला मी झकास ड्रॉइंग करून दिलं होतं, नदीच्या अंगाला भिंत, एवढी उंची, अमुक आरसीसी. निघताना वॉचमन काका गेटपाशी म्हणाले, मॅडम पाणी तिकडून नाही येत, या झाकणातून येतं. आणि त्यांनी पार्किंगच्या कोपऱ्यातलं चेंबर दाखवलं. म्हणे आधी झाकण खडखडतं, मग बुडबुडे येतात, मग झाकण उचललं जातं आणि पाण्याचा रंग बघूनच कळतं की ड्रेनेजचं आहे. नदी तेव्हा भिंतीच्या बाहेर दोन फूट खालीच असते! म्हणजे माझी भिंत बांधली असती तर आतलं पाणी बाहेर जायचा रस्ताच बंद झाला असता, पार्किंगचा हौद. ड्रॉइंग फाडलं, पैसे घेतले नाहीत, पण लाज अजून आहे.

तर तुमच्याकडे पाणी तीन वाटांनी येऊ शकतं आणि तिन्हीवरचे इलाज वेगळे आहेत. एक म्हणजे नदी खरंच काठ सोडून येते. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चार धरणं मिळून २९ टीएमसीच्या (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आसपास साठा, पण त्यातलं खडकवासला एकटं जेमतेम २ टीएमसीचं, म्हणजे वरची भरलेली असताना आणि मधल्या डोंगरात जोरात पाऊस असताना खडकवासल्याला पोटात जागाच नसते, येईल ते पुढे सोडायचं. २५ जुलै २०२४ ला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास गेला होता. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, तेव्हा हिशोब करा, दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ शंभर टँकर. एवढ्या पाण्यापुढे सोसायटीची भिंत म्हणजे पत्त्यांचा बंगला.

दुसरी वाट ओढ्याची. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा, आंबील ओढ्याला पूर आला, वीसपेक्षा जास्त माणसं गेली, त्यात धरणातून सोडलेल्या पाण्याचा काही संबंध नव्हता, कात्रजच्या बाजूला थोड्या वेळात पडलेला पाऊस आणि आवळलेला ओढा, बस. आणि तिसरी वाट ती वॉचमन काकांची, म्हणजे नदीची पातळी पावसाळी गटाराच्या तोंडाच्या वर गेली की गटार उलटं वाहतं. तुमच्याकडे पहिली आणि तिसरी दोन्ही असणार असा माझा अंदाज, पण तो अंदाजच, त्या दिवशी कोणी मोबाईलवर काय काय शूट केलं ते ग्रुपवर मागवा आणि वेळेप्रमाणे लावा, आधी कुठला कोपरा ओला झाला ते दिसेल. हा तुमचा पहिला सर्व्हे, फुकट.

गटारातून येत असेल तर बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तोंडाला फ्लॅप व्हॉल्व्ह बसवा, पाणी एकाच दिशेला जाऊ देतो तो. पण लक्षात घ्या, तो बंद झाला की तुमच्या गच्चीवरचं पावसाचं पाणीही आतच अडकणार, म्हणून सोबत एक खड्डा आणि पंप लागतो, आणि त्या पंपाचं कनेक्शन खाली पार्किंगमध्ये ठेवलं की झालं कल्याण. मीटर रूम पहिल्या मजल्यावर न्या. महाग आहे, वीज कंपनीकडे खेटे घालावे लागतात, तरी सगळ्यात आधी हेच करा, कारण पाण्यापेक्षा शॉक लवकर मारतो. २०२४ लाच डेक्कनला पुलाच्या वाडीत तीन जण शॉकनेच गेले.

आणि पार्किंगच्या खांबावर ऑइलपेंटने फूटपट्टी रंगवा. जलसंपदा खात्याचा विसर्गाचा आकडा येतो तो आणि खांबावरचं पाणी एका वहीत लिहीत जा. दोन पावसाळ्यांत तुम्हाला कळेल की किती हजार क्युसेकला तुमचं झाकण खडखडतं. सगळं पुणं मुठेवरचा तो बुटका भिडे पूल पाण्याखाली गेला का विचारत बसतं, तुमच्याकडे स्वतःचा भिडे पूल असेल. ही वही ज्या कन्सल्टंटने आल्या आल्या मागितली त्याला काम द्या.

वारज्याला रीसेलचा फ्लॅट बघतोय, बजेटमध्ये बसतोय. एजंट म्हणतो रेड लाइनच्या आत आहे पण घाबरू नका, तो पूर शंभर वर्षांत एकदा येतो, १९६१ ला येऊन गेला, आता २०६१ पर्यंत टेन्शन नाही. (वाचक, कोथरूड)

एजंटला माझा दंडवत सांगा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं होतं, ते धरणफुटीचं पाणी, पावसाच्या पुराच्या हिशोबात ते धरायचंच नाही. आणि शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांनी येणारा पूर नव्हे हो! दर वर्षी तो यायची शक्यता १ टक्का, यावर्षी आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा १ टक्का, नदी काही वही ठेवत नाही. तुमचं होमलोन वीस वर्षांचं धरलं तर त्या वीस वर्षांत एकदा तरी तसा पूर यायची शक्यता साधारण १८ टक्के निघते. रेड लाइन म्हणजे या शंभर वर्षांच्या पुराची रेषा, निळी रेषा असते २५ वर्षांच्या पुराची, तिच्या आतल्या घराला हाच हिशोब ५६ टक्क्यांवर जातो, म्हणजे छापा-काट्यापेक्षा वाईट.

शिवाय या रेषा काढल्या जुन्या पावसाच्या आकड्यांवर. मुठेला निळी रेषा ६० हजार क्युसेकची आणि लाल १ लाखाची धरलेली आहे, पण २०२४ ला ३५ हजारालाच सिंहगड रोडच्या एकतानगरीत काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आकडा निळ्या रेषेच्या कितीतरी खाली होता. मग पाणी आलं कसं? काही घरं मुळातच सखल जागी, आणि काठाने राडारोडा टाकून टाकून पात्र बारीक झालेलं, तेवढंच पाणी मग जास्त उंच चढतं. त्यात पाऊसही बदललाय, आपल्या पाषाणच्या हवामान संस्थेच्या, म्हणजे आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी २०१७ ला दाखवलं होतं की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात मोठ्या भूभागावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

तिसऱ्या मजल्याच्या वर असेल आणि भाव त्या हिशोबाने पाडून मिळत असेल तर बघा, नाहीतर सोडा. आणि भाव पाडायला एजंटचंच वाक्य वापरा.

मॅम, माझं बीएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्स झालंय, नदीवर काम करायचंय. सगळे सिनियर म्हणतात कन्सल्टन्सी म्हणजे नुसतं कॉपी पेस्ट. खरंय का? (विद्यार्थिनी, चिंचवड)

बरंचसं खरंय. आपल्या भागातल्या प्रकल्पाच्या रिपोर्टमध्ये भलत्याच राज्यातल्या नदीचं नाव राहिलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. २००६ च्या ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावरचा परिणाम तपासायच्या, नोटिफिकेशनने हे काम वाढलं आणि गंमत अशी की ज्याच्या प्रकल्पाची तपासणी करायची तोच कन्सल्टंटची फी देतो, मग नको ते निष्कर्ष कसे निघणार? पण म्हणून तू येऊ नको असं मी म्हणणार नाही, चांगली माणसं कमी आहेत म्हणून तर ही अवस्था.

नकाशांचं क्यूजीआयएस आणि पुराचं गणित करणारं हेक-रास, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, शिकून घे, एखाद्या ओढ्याचं पाणी किती पसरेल हे स्वतः काढून बघ. पण त्याआधी पाण्यात उतर. मुठेचं सँपल घ्यायचं म्हणजे पुलावरून बादली सोडून नाही होत, बाटली पाण्याखालीच भरायची आणि तिथेच बूच लावायचं, आत हवेचा बुडबुडा राहिला तर डीओचं, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचं, रीडिंग गेलं, बीओडीचं, म्हणजे पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते ते मोजायचं, सँपल बर्फाच्या डब्यात घालून लवकरात लवकर लॅबला पळवायचं, तिथे ते तीन दिवस २७ डिग्रीला ठेवतात. माशांना जगायला डीओ लिटरला ४ मिलिग्रॅम तरी लागतो, शहरात हे मोजायला लागलीस की नदीला नदी म्हणायचं का हा प्रश्न आपोआप पडेल. झाडं, पक्षी, माती हे सगळं एकत्र बघायला शिकायचं असेल तर प्रकाश गोळे सरांनी सुरू केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीच्या कोर्सची चौकशी कर, आमच्या पिढीतले बरेच जण तिथे घडलेत. पहिल्या नोकरीत पगार हसू येईल असा असतो, घरी आधीच सांगून ठेव.

आमच्या मागून रामनदी जाते. दोन्ही बाजूंनी दगडी भिंत आणि वर जॉगिंग ट्रॅक करणार म्हणे, बोर्डावर शाश्वत विकास लिहिलंय. विरोध करावा की नाही, कमिटीतले लोक खूश आहेत. (वाचक, बावधन)

जॉगिंग ट्रॅक कोणाला नको असतो. पण भिंत बघून घ्या. काठ गुळगुळीत केला की पाणी वेगाने पळतं, तुमच्याकडचा पूर कमी दिसतो आणि पुढे पाषाण-औंधकडे तो जोरात आदळतो, म्हणजे आपला पूर शेजाऱ्याला कुरियर करणं. दुसरं, तुमच्या भागात बेसाल्टच्या भेगांमधून येणारे जिवंत झरे आहेत, उन्हाळ्यात रामनदीत जो थोडा स्वच्छ ओलावा दिसतो तो त्यांचा, भिंतीचा पाया खोलवर गेला की ते तोंडच बुजतं. काठाला वाळुंज, करंज, उंबर असतील तर मोजून फोटो काढून ठेवा, वाळुंजाची मुळं माती जशी धरतात तशी सिमेंट धरत नाही.

सरसकट विरोध नका करू. जिथे काठ खचून घराचा पाया उघडा पडलाय तिथे जाळीत दगड भरून केलेला गॅबियन घाला, त्यातून पाणी झिरपतं. बाकी ठिकाणी उतार सोडा. ट्रॅक निळ्या रेषेच्या बाहेर न्या. आणि मीटिंगमध्ये एवढंच विचारा की भिंतीआधी आणि भिंतीनंतर पात्राची रुंदी किती मीटर. माझ्या अनुभवात या प्रश्नाला लोक चहा मागवतात.

पुण्यात नदीकाठ सुंदर होतोय असं वाचतो. आमच्या थेऊरला, नदीच्या खालच्या अंगाला, जलपर्णी आणि फेस. आम्हाला काय मिळणार? (शेतकरी, थेऊर)

दादा, तुमचा प्रश्न सगळ्यात खरा. मार्च २०२२ मध्ये भूमिपूजन झालेला नदीकाठ प्रकल्प ४४ किलोमीटरचा आहे, पण तो काठाचा आहे, पाणी साफ करायचं काम वेगळ्या योजनेचं, जपानच्या जायकाच्या कर्जातून ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटरची. तुम्हाला मिळायचं ते त्यातून, बाकावर बसून नाही. तेही पूर्ण चाललं तरी जलपर्णी लगेच जाईल असं नाही, कारण बीओडी उतरला म्हणून नायट्रोजन, फॉस्फरस उतरतोच असं नसतं, आणि जलपर्णी त्याच्यावरच पोसते. तुमच्याकडून सुटली की ती भीमेतून उजनीला.

तोपर्यंत तुमच्या हातातलं सांगते. उचल पाण्याचा आणि विहिरीच्या पाण्याचा क्षार आणि सोडियम वर्षातून दोनदा तपासून घ्या, एकदा मे मध्ये, एकदा दिवाळीनंतर, जमीन चोपण व्हायला लागली की परत आणणं अवघड. ऊस ते पाणी खपवून घेतो थोडं. मेथी, पालक, कोथिंबीर जे पुण्यालाच परत येतं, त्याला मात्र विहिरीचंच पाणी द्या, आणि काढणीच्या आधी आठवडाभर तर नदीचं नकोच.