चुन्याला चुनाच

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

इंदूरच्या मल्हारगंजातल्या आजोबांच्या घराचे फोटो मिळाले. पार गोंधळून गेलीस, हे पत्रातून कळलं. ठेकेदार सांगतो, जुना गिलावा पाडून सिमेंटचा करू, वर पुट्टी आणि त्यावर विटांच्या छापाची टाइल. मैत्रीण सांगते, गिलावा खरवड आणि खऱ्या विटाच उघड्या कर. तुला स्वतःला हवंय गावाकडच्यासारखं मातकट, खरखरीत, साधं घर. चौथ्या फोटोत दारामागे, कमरेच्या उंचीला, भिंतीला पांढरी दाढी फुटल्यासारखं दिसतंय, ते मात्र तिघांपैकी कुणाच्याच नजरेला पडलेलं नाही. तो लोणा आहे, म्हणजे भिंतीतून फुटलेला क्षार. आधी त्याचं बघू, घर कसं दिसेल ते नंतर.

त्या जागी किल्लीचं टोक घास. भुगा सहज पडला तर गिलावा चुन्याचा. किल्ली घसरून नुसता राखाडी ओरखडा उठला तर मधे कुणीतरी सिमेंट थापलंय. तुझ्या भिंती चौदा इंची आहेत, विटा पातळ, सांधे जाड आणि पांढरट. मूळ बांधणी चुन्याची, यात मला शंका वाटत नाही. खालचा तीन फुटांचा राखाडी पट्टा नंतरचा आहे, आणि लोणा नेमका त्याच्या वरच्या कडेला आलाय.

असं का होतं ते नीट समजून घे, म्हणजे पुढं कुणी काही सांगितलं तरी डगमगणार नाहीस. माळव्याची काळी माती पावसाचं पाणी महिनोन् महिने धरून ठेवते, आणि जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतोच. ओल विटांतून वर चढते. चुन्याच्या भिंतीत ती चढली तरी गिलाव्यातून हवेत उडून जाते. वर सिमेंट बसलं की उडायची वाट अडते. पाणी आणखी वर सरकतं, सिमेंट संपतं तिथून बाहेर पडतं आणि मातीतून आणलेले क्षार तिथंच सोडून जातं. काही क्षार विटेच्या पोटात, सिमेंटच्या आड खडे धरतात. खडा धरताना तो जागा मागतो आणि मऊ वीट आतून फोडतो. म्हणून तो राखाडी पट्टा वरून टणक दिसतो, ठोकला की पोकळ वाजतो, आणि काढला की मागची वीट पिठासारखी हातात येते. भिंतीच्या मजबुतीसाठी लावलेल्या थरानंच भिंत गेलेली असते. चुन्याच्या घराला चुनाच लागतो, बाळ. पुट्टी, प्लॅस्टिक पेंट, ओल अडवणारी रसायनं, टाइल, हे सगळं त्या राखाडी पट्ट्याचंच भावंड आहे.

मी सिमेंटच्या विरुद्ध नाही. न्हाणीघरात, पाण्याच्या टाकीत, नव्या स्लॅबमध्ये ते जरूर वापर. पण तरुणपणी मीही लोकांना बेधडक "सिमेंट मारा, प्रश्न मिटेल" असंच सांगत होतो, आणि ते सांगणं चूक होतं. आता मला हेकट म्हणतात तर म्हणोत.

तेव्हा पहिलं काम पाडण्याचं. छिन्नी आणि हातोडी, तीही हातानं. ब्रेकर मशीन भिंतीला लावू देऊ नकोस. तिच्या हादऱ्यानं वरचा धड गिलावाही सुटतो. लोणा दिसतो त्याच्या वर आणखी फूटभर गिलावा काढ. सांधे पाऊण इंच खोल कोरून घे. मग भिंत उघडी ठेवून थांब. किमान दोन महिने. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशनं क्षार झाड, खाली कागद धरून गोळा कर आणि घराबाहेर टाक. पाण्यानं धुवायचं नाही. धुतलेला क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच शिरतो. हीच चूक सगळ्यात जास्त होते.

तोवर बाहेरची बाजू बघ. ओटल्याला लागून रस्ता दर डांबरीकरणात वर येतो, आणि एके काळी दोन पायऱ्या उंच असलेलं जोतं आज रस्त्याच्या बरोबरीला येऊन बसलेलं असतं. घरातल्या जमिनीपेक्षा बाहेरची जमीन सहा इंच तरी खाली हवी. गल्लीच्या बाजूला ते तुझ्या हातात नाही, मागच्या चौकात आहे. तिथं भिंतीलगत फूटभर रुंद, फूटभर खोल चर खणून गिट्टी भर आणि त्याला मोरीकडे उतार दे. भिंतीला चिकटून घातलेला सिमेंटचा कोबा तिथं असेल तर तो आधी फोड. पन्हाळीचं पाणी भिंतीवर उडतंय का ते पावसात उभं राहून बघ. कवेलू (छपराची कौलं) दर वर्षी मृगाच्या आधी फेरायलाच हवेत. एक सरकलेलं कवेलू सबंध भिंत ओली करतं.

आता गारा, म्हणजे गिलाव्याचा चुना-वाळूचा लगदा. कळीचा, म्हणजे अजून पाणी न लागलेला, चुना ढेकळांत मिळतो. एक ढेकूळ तिथंच पाण्यात टाकून बघ. काही मिनिटांत फुटलं, फसफसलं, पाणी तापलं तर ताजा. गप्प पडून राहिलं तर हवेनं मेलेला, परत दे. विरवायला, म्हणजे पाण्यात फोडायला, लोखंडी ड्रम घे, प्लॅस्टिकचा वितळू शकतो. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उकळता चुना अंगावर उडतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे असल्याशिवाय कुणालाही ड्रमजवळ जाऊ देऊ नकोस, पन्नास चुने विरवलेला मिस्त्री असला तरी. विरलेला चुना पाण्याखाली तीन-चार आठवडे राहू दे. त्यात न विरलेला खडा राहिला तर तो महिन्यानं भिंतीत विरतो, आणि नव्या गिलाव्याला वाटाण्याएवढे फोड येतात. फोड आले की सगळे चुन्याला नावं ठेवतात. घाई आपली असते.

पहिल्या थराला एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची पूड), दोन भाग वाळू, तगारीनं, म्हणजे घमेल्यानं, मोजून. अंदाजानं नव्हे. सुरखी कमी भाजलेल्या विटांची हवी. काळपट, जास्त भाजलेल्या विटांची पूड चुन्याशी नीट धरत नाही. इमारत पाडल्यावरच्या मलब्याच्या विटा सिमेंट चिकटलेल्या असतात, त्या तर अजिबात नकोत. वाळू नर्मदेची, चाळून घेतलेली. पाणीही नळाचं, नर्मदेचं वापर. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, आणि आपण क्षारांशीच भांडतोय. गारा फावड्यानं नुसता कालवायचा नाही. घाणी (गारा दळायचं चाक) मिळाली तर उत्तम, नाहीतर लाकडी मोगरीनं कुटून घे, थापीला लोणी चिकटतं तसा चिकटेपर्यंत. बेलफळाचा गर, गूळ, मेथी, हिरडा हे जुने कारीगर घालतात. सियागंजच्या बाजारात हिरडा, गूळ, मेथी सहज मिळतील. तुझा कारीगर त्यात मुरलेला असेल तर त्याच्या प्रमाणानं घालू दे. नसेल तर त्यांच्या मागे लागू नकोस, चांगला विरलेला चुना आणि चांगली कुटाई त्याहून महत्त्वाची.

तुझी पुढची खोली दहा बाय बारा. चार फूट उंचीचा पट्टा, दोन दारं वजा जाता, साधारण दीडशे चौरस फूट. दोन थर मिळून २० मिलिमीटर धरले आणि जुन्या भिंतीचे खड्डे धरले तर बारा घनफूट ओला गारा लागेल. दुसऱ्या थरात सुरखी नसते, म्हणजे साधारण साडेचार घनफूट विरलेला चुना, तीन सुरखी, नऊ वाळू. हा आकडा कारीगराला सांग, म्हणजे तो "अंदाजे दोन गाड्या मागवा" म्हणणार नाही.

भिंत आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी भिजव. कोरडी वीट गाऱ्यातलं पाणी ओढून घेते आणि गारा जागीच मरतो. पहिला थर १० ते १२ मिलिमीटर, त्याहून जाड नको. जाड थर आपल्याच वजनानं सुटतो. तो नखानं दबेल पण बोट रुतणार नाही इतका आवळला की वर आडवेतिडवे ओरखडे काढ, म्हणजे दुसरा थर धरेल. दुसऱ्या थरात सुरखी नको, एक भाग चुना आणि दोन भाग बारीक वाळू. तो लाकडी गुरमाळ्यानं (गिलावा सारखा करायच्या फळीनं) फिरव, लोखंडी नको. तुला हवा तो खरखरीतपणा लाकडी गुरमाळ्यानं आपोआप येतो, त्यासाठी वेगळ्या टेक्श्चर पेंटचे पैसे मोजावे लागत नाहीत. ओली पोती टांगून निदान सात दिवस भिंत ओलसर ठेव. पंखा बंद. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, आणि त्याला त्या वेळी ओल लागते. उन्हानं झटक्यात वाळला की नुसती पूड राहते. म्हणून हे काम मे महिन्यात नको. दसरा झाला की सुरू कर, फेब्रुवारीपर्यंत आटप. लग्नाचा मुहूर्त, भाडेकरूची तारीख, दिवाळीचे पाहुणे, ही कारणं चुना ऐकत नाही.

रंगही चुन्याचाच. एक किलो कळीच्या चुन्याला पाच लिटर पाणी, चोवीस तास ठेवून जाड कापडातून गाळ. दहा लिटरला ४० ग्रॅम गोंद गरम पाण्यात विरघळवून घाल. मातकट छटेला गेरू किंवा पिवडी (पिवळी माती), रात्रभर भिजवलेली, आणि चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नाही. जास्त झाली की हाताला आणि कपड्यांना लागते. ओला असताना रंग गडद दिसतो, वाळला की बराच फिका होतो. म्हणून फूटभर जागेवर लावून तीन दिवस थांब, मगच पसंत कर. भिंत ओली करून पातळ हात, एक उभा, दुसरा आडवा, तिसरा उभा. पहिला हात पाण्यासारखा दिसेल, घाबरून जाड लावू नकोस. जाड चुन्याचे पोपडे पडतात.

मैत्रिणीच्या उघड्या विटांबद्दल. बाहेरच्या भिंतीला अजिबात नको. या मऊ विटा गिलाव्याच्या आड राहण्यासाठीच बनवलेल्या असतात, चार पावसाळ्यांत त्यांची कड झडेल. आत एखादी कोरडी भिंत, लोणा नसलेली, चालेल. सांधे हातानं कोर, ग्राइंडर लावू नकोस, त्यानं विटांच्या कडा कापल्या जातात. कोरलेले सांधे चुन्यानंच भर, विटेच्या चेहऱ्याच्या किंचित आत ठेव, थोडा आवळला की ताठ ब्रशनं ठोक. वर व्हार्निश नको. तेच सांगतोय पुन्हा: भिंतीला तोंड मिटायला लावू नकोस.

सागवानी तुळया बघून मला फार बरं वाटलं. त्यावर ऑइलपेंट आहे म्हणून हिरमुसू नकोस. पण भारतात घरगुती रंगांतल्या शिशाला ९० भाग प्रति दशलक्षची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरापासून लागू झाली. तो थर त्याच्या कितीतरी आधीचा आहे, म्हणजे त्यात शिसं असू शकतं. कोरडा घासू नकोस. ओल्या पॉलिशपेपरनं घास, मास्क लाव, पोरंटोरं घरात नकोत, खरवड प्लॅस्टिकवर गोळा कर. कॉस्टिक सोड्यानं काम झटपट होतं, पण साग काळवंडतो आणि रेषा उठतात. आधी प्रत्येक तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक पेचकसानं टोचून बघ. टोक आत घुसलं तर रंगबिंग बाजूला ठेव आणि जुन्या इमारतींचं काम जाणणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलाव. लाकूड स्वच्छ झालं की जवसाचं उकळलेलं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं निम्मं, वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घे. त्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत! तेल वाळताना तापतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. एकेक चिंधी बाहेर पसरून वाळव किंवा पाण्याच्या बादलीत बुडव. राजवाडा तुझ्या घरापासून फार लांब नाही. त्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे. १९८४ मध्ये तो जळाला. लाकडाच्या घरात राहायचं तर आगीची भीती बाळगायलाच हवी.

त्याच कारणानं वायरिंग पूर्ण नवं कर. भिंतीत खाचा पाडून नव्हे, वरून, लाकडी पट्टीतून. दिव्यांना १.५, सोळा अँपिअरच्या सॉकेटला २.५, गीझरला ४ चौरस मिलिमीटर तार, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. जमिनीला बिनपॉलिशचा कोटा दगड, चुना-सुरखी-वाळूच्या समान गाऱ्यावर, शंभराला एक उतार मोरीकडे. कोटा हा चुनखडीच आहे, त्याच्यावर ॲसिड कधीही नको. लाकडाच्या छापाची टाइल, छापील मांडणा (माळवी रांगोळी), खोट्या तुळया यांच्यावर लिहायला माझ्याकडे वेळ नाही.

ठेकेदार म्हणेल, चुना महाग, कारीगर मिळत नाहीत, सहा महिने जातील. कारीगर कमी आहेत हे खरं. पण खर्च मांडताना त्यानं सिमेंट-पुट्टीचा एकदाच धरलाय. ती तीन-चार वर्षांनी पुन्हा फुगेल, तेव्हाचं बिल त्या कागदावर नाही. पैसे कमी असतील तर मागची खोली तशीच राहू दे. एकच खोली कर, पण चुन्यात कर.

आज एवढं कर. लोणा दिसतो त्याच्या वरच्या भिंतीवर, जिथं ओल आहे की नाही ते कळत नाही, तिथं दीड फूट चौरस ॲल्युमिनियम फॉइल चारी कडांनी टेपनं घट्ट चिकटव. दोन दिवसांनी बघ. खोलीच्या बाजूला थेंब दिसले तर ओल हवेतली आहे, खिडक्यांचा विचार करू. भिंतीच्या बाजूला दिसले तर गिलावा आणखी वर काढावा लागेल. दोन्ही बाजूंचे फोटो पाठव, आणि तोवर ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तुझा,
काका