शोकांतिकेचा पहिला अंक प्रेक्षकाला पुढच्यासाठी कसा तयार करतो?

तुमचा प्रश्न असा आहे: ठाण्यातला तुमचा हौशी गट दोन अंकी शोकांतिका बसवतोय, वाचनाला आलेल्यांना शेवट ‘अचानक आला’ असं वाटलं, तर पहिल्या अंकात काय पेरावं?

आधी स्वभाव पेरा. घटना पेरायची घाई बहुतेक गट करतात आणि तिथेच फसतात. शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ घ्या, गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ‘झुंझारराव’ म्हणून मराठीत आणलं ते. सगळा घात एका रुमालावर होतो, पण पहिल्या अंकात त्या रुमालाचा उल्लेखसुद्धा नाही. तो दिसतो थेट तिसऱ्या अंकात. पहिल्या अंकात आहे ते ऑथेल्लोच्या बायकोच्या, डेस्डिमोनाच्या, बापाचं जाता जाता टाकलेलं वाक्य: हिने बापाला फसवलं, तुलाही फसवेल. ऑथेल्लो तिथल्या तिथे सांगतो, तिच्या निष्ठेवर माझा प्राण ओवाळीन. भांडणाच्या भरात ते वाक्य विरून जातं. तिसऱ्या अंकात ऑथेल्लोचे कान भरणारा इयागो तेच उकरून काढतो, तेव्हा प्रेक्षकाला ते नवं वाटत नाही, कारण त्याने ते ऐकलेलं असतं आणि विसरलेलं असतं. हे ‘ऐकून विसरणं’ साधलं की अर्धं काम झालं.

ते साधायचं कसं? पेरणीचं वाक्य दुसऱ्या कशाच्या तरी आड ठेवा. हशा, चहा ओतणं, दारावरची बेल, काहीही चालेल. त्या वाक्यानंतर थांबू नका, प्रकाश बदलू नका आणि खाली संगीताचा तुकडा तर अजिबात सोडू नका. संगीत वाजलं की प्रेक्षक गाठ बांधतो आणि उरलेला सव्वा तास तुमच्या पुढे चालतो. ‘मला मेलं आज कसंतरीच होतंय’ छापाची वाक्यं संहितेतून काढूनच टाका.

दुसरी गोष्ट गडकऱ्यांकडून शिकण्यासारखी आहे. मासुंदा तलावाकाठचं रंगायतन ज्यांच्या नावाचं आहे, त्यांचं ‘एकच प्याला’ त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यात दारूपायी बुडणाऱ्या वकील सुधाकरला वेळीच आवर घालू शकेल असा माणूस म्हणजे त्याचा मित्र रामलाल, आणि तो सुरुवातीलाच विलायतेला निघतो. मागे सुधाकरजवळ उरतो दारुडा तळीराम. सुधाकरचा मानीपणा आधी गुण म्हणूनच दिसतो, गरिबीतून स्वतःच्या हिमतीवर वर आलेल्या माणसाचा ताठ कणा. तोच ताठा कोर्टात नडतो, काही काळ वकिलीची सनद जाते आणि अपमान विसरायला म्हणून पहिला प्याला ओठाला लागतो. सावरणारा हात काढून घ्या, आणि नायकाला बुडवणारा दोष पहिल्या अंकात टाळी घेणारा गुण म्हणून उभा करा. तुमच्या संहितेत नायक पहिल्याच प्रवेशात चिडका, संशयी दिसत असेल, तर त्याच्या पडण्याचं कुणाला काही वाटणार नाही. सुधाकरच्या बायकोचा, सिंधूचा, संसारही आधी भरलेला दिसतो. काय गमावलं जाणार हे पाहिलेलंच नसेल तर रडायचं कशासाठी?

प्रवेशाची वेळही बोलते. ‘मॅक्बेथ’मध्ये राजा डंकन एका फितुराबद्दल म्हणतो, माणसाच्या चेहऱ्यावरून मन वाचता येत नाही, त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास होता. आणि नेमका त्याच क्षणी, पुढे त्याच राजाचा खून करणारा मॅक्बेथ आत येतो. एक शब्द न वाढवता काम होतं. हे तालमीतच बसवावं लागतं: नट विंगेतून दोन सेकंद उशिरा आला तरी तो धागा तुटतो.

आता कामाची पद्धत. शेवटचा प्रवेश आधी वाचा आणि त्याला लागणारी प्रत्येक वस्तू, नातं, सवय कागदावर उतरवा. मग मागे जाऊन प्रत्येकीची पहिली खूण शोधा. महत्त्वाची खूण तीनदा यावी: एकदा सहज, एकदा दुसऱ्याच पात्राच्या तोंडून, आणि तिसऱ्यांदा घात करताना. पहिल्या दोन्ही मध्यंतराच्या आत. वस्तू असेल तर ती आधी रोजच्या कामात वापरली जाऊ द्या. विळी असेल तर तिच्यावर भाजी चिरली गेली पाहिजे. नुसती टेबलावर मांडून ठेवलेली विळी सगळं फोडून टाकते. जी खूण पुढे कामाला येत नाही ती कापा, कितीही आवडती असली तरी.

एक ठाण्याचं व्यावहारिक सांगतो. घोडबंदर रोडवरून येणारा प्रेक्षक तिसऱ्या घंटेनंतरही खुर्च्या शोधत असतो. पहिली सात-आठ मिनिटं नाजूक काही ठेवू नका, तिथे घर आणि माणसांची ओळख होऊ द्या. पहिली खरी खूण दहाव्या मिनिटानंतर.

शेवटी चाचणी. नाटक माहीत नसलेल्या पाच जणांना फक्त पहिला अंक वाचून दाखवा आणि पुढे काय होईल ते विचारा. पाचही जणांनी शेवट अचूक सांगितला तर खुणा भडक आहेत. कुणालाच कुणाची काळजी वाटली नाही तर फिक्या आहेत. ‘याचं काही खरं नाही’ असं तिघे-चौघे म्हणाले आणि कारण प्रत्येकाने वेगळं दिलं, तर तो अंक तसाच ठेवा आणि दुसऱ्या अंकाच्या तालमीला लागा.