मूळ फोटोला कात्री लावू नका

बालपणावर कोलाज करणार असाल तर आधी एक विनंती: घरातला मूळ फोटो कापू नका. तो स्कॅन करा आणि प्रिंट लेझर प्रिंटरवर काढा. साध्या इंकजेटची शाई ओल्या गोंदाखाली पसरते. लेझर प्रिंटचा आणखी एक उपयोग आहे. जाड कागदावर अ‍ॅक्रिलिक जेल मीडियम (रंगकामात वापरायचा, वाळल्यावर पारदर्शक होणारा घट्ट लेप) लावून ती पालथी चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मग मागचा कागद ओल्या बोटाने हळूहळू चोळून काढा. चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटतं, म्हणून स्कॅन आधीच उलटा करून घ्या. चोळताना मधेमधे शाई निघून जाईल. त्या जागा रंगाने भरू नका! अर्धवट आठवणारा चेहरा असाच तर दिसतो.

उदासी दाखवायची म्हणून सगळं तपकिरी, करडं करण्याचा मोह नवख्यांना हमखास होतो. मला ते पटत नाही. अमेरिकन कलाकार जोसेफ कॉर्नेल (१९०३–१९७२) यांच्या काच लावलेल्या पेट्या पाहा: जुने नकाशे, कापलेली चित्रं, लहानसहान वस्तू, आणि कितीतरी ठिकाणी भोवती मोकळी जागा. माझ्या मते हुरहूर त्या मोकळेपणातून येते.

वर्तमानपत्राचं कात्रण लिग्निनमुळे (लाकडातून कागदात येणारा घटक) पिवळं पडतं. ते नको असेल तर त्याची प्रत आम्लमुक्त कागदावर काढा. बटणं, धागे, कापडाचे तुकडे लावायचे असतील तर खाली पुठ्ठा हवाच.

चिकटवण्याआधी मांडणी रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी एखादा तुकडा नुसताच सुंदर वाटला, त्यात तुमचं काही सापडलं नाही, तर तो काढून टाका.