घुबड ओळखताना डोळे बघ, पण तिथंच थांबू नकोस

डोळ्यांच्या रंगानं सुरुवात कर. तांबूस-नारिंगी डोळे आणि डोक्यावर तुरे असले तर शृंगी घुबड. ओढ्याकाठच्या दरडी, जुन्या दगडखाणी धुंडाळ. ते तुरे म्हणजे कान नव्हेत हं, नुसती पिसं! गव्हाणी घुबडाचे डोळे काळे, चेहरा पांढरा, बदामाच्या आकाराचा. त्यात चुकायला जागाच नाही.

खरी कसोटी पिंगळा आणि रानपिंगळा यांच्यात. दोघांचेही डोळे पिवळेच, दोघंही दिवसा दिसतात. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळपास कोरा, छाती दाट तपकिरी, पोट पांढरं. शंभराहून अधिक वर्षं त्याची खात्रीची नोंदच नव्हती, तो नामशेष झाला असंच वाटत होतं. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मेळघाटातही आहे. त्यामुळे सातपुड्यात ‘पिंगळाच असेल’ म्हणून पुढे जाऊ नकोस, माथा नीट बघ.

घुबडाला डोळे खोबणीत फिरवता येत नाहीत, म्हणून ते मान फिरवतं, पार २७० अंशांपर्यंत. मान तुझ्याकडे वळून तिथंच खिळली, तर तू फार जवळ गेलायस. मागे सर. रात्री बॅटरी थेट डोळ्यांवर मारायची नाही, फोटो हुकला तरी चालेल.