अँटीव्हायरस असताना विंडोजचं अपडेट बंद ठेवलं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की दुकानात चार कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर आहेत, त्यातला बिलिंगचा विंडोज ७चा आहे आणि अँटीव्हायरस असल्यामुळे अपडेट बंद ठेवलंय. कृपया असं करू नका.

मी कॉम्प्युटर देखभालीचं काम करतो. १३ मे २०१७ला, शनिवारी सकाळी एका करसल्लागाराच्या ऑफिसातून फोन आला. स्क्रीनवर लाल चौकट, ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा म्हणून. हा वॉनाक्राय, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. बॅकअप होता, पण ती हार्ड डिस्क कायम मशीनला लावलेली, त्यामुळे तिच्यातल्या फायलीही गेल्या. अशिलांचे कागद गमावलेल्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

तिथे कुणीही संशयास्पद मेल उघडला नव्हता. फायली शेअर करायला विंडोज जे एसएमबी वापरतं, त्याच्या जुन्या पहिल्या आवृत्तीत दोष होता. ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्कवरून मशीनमध्ये येण्याच्या एका दारावर) विशिष्ट प्रकारे रचलेला डेटा पाठवला की हल्लेखोराचा कोड थेट सिस्टीमच्या अधिकाराने, म्हणजे मशीनच्या पूर्ण ताब्यासह, चालायचा. मग ते मशीन शेजारच्या मशीनला गाठायचं. असा दोष अँटीव्हायरस नाही, अपडेटच बुजवतं. मायक्रोसॉफ्टने ती दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती, १२ मेला सुरू झालेल्या हल्ल्याच्या ५९ दिवस आधी! बळी पडलेली बहुतेक मशीन विंडोज ७चीच होती.

पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हा तसाच दुसरा व्हायरस आला. तो त्याच दोषातून शिरायचा आणि मशीनमधले पासवर्ड उचलून अपडेट केलेल्या मशीनवरही जायचा. मर्स्क या जहाज वाहतूक कंपनीला ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले; आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. म्हणून तुमचं एक जुनं मशीन हा बाकीच्या तिघांचाही धोका आहे.

बाकी तिन्हींवर अपडेट आजच चालू करा आणि ‘विंडोज फीचर्स’मध्ये एसएमबी १.० वरची खूण काढा. जुना स्कॅनर फोल्डरमध्ये स्कॅन टाकत असेल तर तो बंद पडू शकतो, तेवढं आधी तपासा. विंडोज ७ला जानेवारी २०२० नंतर नेहमीची सुरक्षा अपडेट मिळत नाहीत. त्यावर निदान मार्च २०१७ची दुरुस्ती आहे ना ते बघा, त्याचं इंटरनेट काढा आणि बिलिंगवाल्याला नव्या विंडोजवर चालणारी आवृत्ती मागा. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा.