आईच्या खात्यातले पैसे हलवू नका

प्रश्न : ताई, आई ८२ वर्षांची आहे, अमेरिकन नागरिक, आमच्याकडे न्यू जर्सीत असते. अंघोळ, कपडे, बाथरूम, सगळ्याला माणूस लागतं आणि आम्ही दोघंही नोकरीवर. असिस्टेड लिव्हिंगचे, म्हणजे रोजच्या कामांत मदत मिळणाऱ्या निवासाचे, पैसे मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) देतं का? भाऊ म्हणतो, आईचे पैसे नातवंडांच्या नावावर करून टाक, म्हणजे मेडिकेड (कमी पैसे असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य मदत) मिळेल. मागच्या वर्षी नातीच्या लग्नात तिने २५,००० डॉलर दिलेच आहेत.

उत्तर : मेडिकेअर देत नाही. रोजच्या अंघोळी-कपड्यांची मदत हे मेडिकेडचं खातं. न्यू जर्सीत त्यातल्या एमएलटीएसएस या दीर्घकालीन देखभालीच्या योजनेतून असिस्टेड लिव्हिंगमधल्या सेवांचा खर्च मिळतो. सेवांचा, बरं का. खोलीचं भाडं आणि जेवण आईंच्या सोशल सिक्युरिटीतून (सरकारी पेन्शनमधून) जातं, थोडा हातखर्च त्यांच्याकडे राहतो.

आता भाऊसाहेबांचा सल्ला. तो कृपा करून ऐकू नका. अर्जाआधीच्या ६० महिन्यांचे व्यवहार काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, ऑफिस तपासतं. अशी दिलेली रक्कम सापडली की तिला नर्सिंग होमच्या सरासरी रोजच्या खर्चाने भागतात. जितके दिवस येतील तितके दिवस मदत नाही. खरी मेख पुढेच आहे. हे दिवस पैसे दिले तेव्हापासून मोजत नाहीत. आईंची शिल्लक संपली, अर्ज केला, बाकी सगळ्या अटींत त्या बसल्या, की मोजणी सुरू. म्हणजे गाठीला पैसा नाही आणि मदतही नाही. ‘पण १९,००० पर्यंतची भेट चालते ना?’ असं दर दिवाळी पार्टीत मला कोणीतरी विचारतंच. तो २०२५चा गिफ्ट टॅक्सचा, म्हणजे भेटीवरच्या कराचा, नियम. मेडिकेडला त्याच्याशी देणंघेणं नाही. नातीला दिलेले पैसे धरले जाणार. तिने ते पूर्ण परत केले तर हे बिनमदतीचे दिवस टळतात. अवघड आहे, पण बोलून बघा.

भारतातली एफडी आणि बचत खातंही दाखवायचं. पासबुकात ‘सेल्फ’ म्हणून काढलेली मोठी रक्कम दिसली की ती कुठे गेली असं विचारतात. आईंना नीट आठवतंय तोवर हिशेब लिहून घ्या.

एकट्या व्यक्तीकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही. वरचे पैसे आईंवरच खर्च करा : कवळी, श्रवणयंत्र, राहण्याची फी. अंत्यविधीचा खर्च आधीच भरून ठेवता येतो. आपल्याकडे हा विषय निघाला की सगळे उठून चहा करायला जातात, पण नियमात बसतं.

तब्येतीची तपासणी वेगळी होते. किमान तीन रोजच्या कामांत प्रत्यक्ष हातभार लागतो, किंवा विसराळूपणामुळे देखरेख लागते, हे दिसावं लागतं. आपल्या आया मात्र नर्स येणार म्हणून इस्त्रीची साडी नेसून बसतात आणि ‘मी माझं सगळं करते’ असं ठणकावून सांगतात! त्या दिवशी सुट्टी घ्या आणि रात्री बाथरूमला नेताना काय होतं ते तुम्हीच सांगा.

जागा ठरवताना मात्र घाई नको. बऱ्याच ठिकाणी सुरुवातीची काही वर्षं स्वखर्चाने राहिल्याशिवाय मेडिकेडवर घेत नाहीत. पैसे संपल्यावर आईंना तिथेच ठेवतील का, हे डिपॉझिट भरण्याआधी विचारा आणि उत्तर करारात लिहून घ्या.