दाताचं इम्प्लांट, बधिर ओठ आणि पुढ्यात ठेवलेला सहीचा कागद

प्रश्न : माझं वय 58. खालच्या जबड्यातल्या उजवीकडच्या दोन दाढा पूर्वीच काढल्या होत्या. 20 महिन्यांपूर्वी तिथे दोन इम्प्लांट बसवून घेतली. दवाखान्याच्या जाहिरातीत ‘आयुष्यभराची गॅरंटी’ असं लिहिलं होतं. मधुमेह असल्याचं मी फॉर्मवर नोंदवलं होतं. पाचव्या महिन्यात एक इम्प्लांट हलायला लागलं आणि एक दिवस जेवताना निघून आलं. दुसरं टिकलं आहे, त्यावर कॅपही बसली आहे. डॉक्टर कित्येक महिने ‘पुन्हा बसवून देतो’ म्हणत राहिले. आता निम्मी फी परत द्यायला तयार झाले आहेत, पण ‘यापुढे माझी कोणतीही तक्रार राहणार नाही’ अशा कागदावर सही हवी म्हणतात. कंपनीला पाठवायचं म्हणून पडलेलं इम्प्लांटही मागत आहेत. उजवीकडचा खालचा ओठ आणि हनुवटी ऑपरेशनच्या दिवसापासून बधिर आहे. त्यावर व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, हळूहळू जाईल म्हणाले. मुलाने इंटरनेटवर अभिप्राय लिहिला, तर मानहानीची धमकी आली. सही करू का? पोलिसांत जाऊ का?

उत्तर : ताई, त्या कागदावर सध्या सही करू नका आणि पडलेलं इम्प्लांट कोणाच्या हातात देऊ नका. कारणं पुढे सांगतो. त्याआधी एक गोष्ट. तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात सगळा राग पडलेल्या इम्प्लांटवर आणि गॅरंटीवर आहे, ओठाच्या बधिरपणाला जेमतेम एक वाक्य मिळालं आहे. माझ्या मते तुमचा खरा दावा त्या एका वाक्यात आहे, आणि निम्मी फी घेऊन तुम्ही नेमका तोच सोडून देणार आहात.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड त्याला घट्ट धरायला काही महिने घेतं, आणि कधी कधी धरतच नाही. साखर आटोक्यात नसणं, जंतुसंसर्ग, तंबाखू, मुळात हाड कमी असणं, लवकर भार पडणं अशी त्याची अनेक कारणं असतात. निष्णात हातांनी बसवलेलं इम्प्लांटही निकामी होऊ शकतं. म्हणून ‘पडलं म्हणजे डॉक्टरांनी हलगर्जी केली’ हे समीकरण कोणताही ग्राहक आयोग मान्य करणार नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली हेच स्पष्ट केलं : उपचाराला यश आलं नाही एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. त्या शाखेतल्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली का, हे पाहिलं जातं. पडलेल्या इम्प्लांटबाबत तुमच्या बाजूचा मुद्दा मधुमेहाचा आहे. तुम्ही तो लिहून दिला होता. त्यानंतर ऑपरेशनपूर्वी रक्तातली साखर तपासली का, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी करायला सांगितली का? तसं काही झालं नसेल तर मुद्दा आहे. झालं असेल आणि अहवाल ठीक असेल, तर हा भाग लंगडा आहे.

बधिरपणाचं तसं नाही. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. दाढांच्या मुळांखालून ती पुढे येते आणि तिचा फाटा बाहेर पडून ओठाला व हनुवटीला संवेदना देतो. तिथे इम्प्लांट बसवताना नसेच्या वर किमान 2 मिलिमीटर जागा सोडण्याचा प्रघात आहे. त्यासाठी हाडाची उंची नेमकी मोजावी लागते. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे, उंचीचा अंदाज देतो. हाडाची रुंदी आणि नसेची तिन्ही बाजूंनी जागा सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनमध्ये दिसते. प्रत्येक रुग्णाचा सीबीसीटी केलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण नसेजवळ काम असताना कशाच्या आधारे माप घेतलं, याचं उत्तर डॉक्टरांना द्यावं लागेल.

त्याहून मोठा प्रश्न नंतरच्या वागण्याचा आहे. भुलीच्या इंजेक्शनचा बधिरपणा काही तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर आहे असं रुग्णाने सांगितलं, तर इम्प्लांट नसेवर टेकलं आहे का हे तातडीने तपासायला हवं, कारण ते मागे घ्यायचं किंवा काढायचं असेल तर जेवढं लवकर तेवढी नस वाचण्याची आशा जास्त. तुम्ही कधी सांगितलंत आणि त्यांनी काय केलं? फोन, मेसेज, व्हॉट्सअॅप, जे असेल ते शोधा. ‘सर, अजून ओठ जड आहे’ असा एक साधा मेसेज आणि त्यावर ‘गोळ्या चालू ठेवा’ असं उत्तर, हा पुरावा दहा पानी युक्तिवादापेक्षा भारी ठरू शकतो. फोनमधून काहीही पुसू नका, फोन बदलू नका.

आता संमतीपत्र. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, पण सही घेतली असणारच. समीरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की उपचाराचं स्वरूप, हेतू, पर्याय आणि महत्त्वाचे धोके समजावल्यानंतर दिलेली संमती हीच खरी संमती. लाखात एखाद्याला होणारा धोका सांगायची सक्ती नाही. पण खालच्या दाढांच्या इम्प्लांटमध्ये ओठ बधिर होणं हा दंतवैद्यकातला सर्वांना माहीत असलेला धोका आहे. तो सांगितला होता का? शेजारच्या दातांवर टेकवलेला ब्रिज किंवा काढता येणारी कवळी हे पर्याय सांगितले होते का? कागद तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत होता का, आणि सही इंजेक्शनच्या आधी घेतली की खुर्चीवर बसवून नंतर? आठवेल तसं आजच लिहून ठेवा. त्या कागदावर ‘दवाखाना जबाबदार नाही’ असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. रुग्ण संमती देतो ती धोक्याला, निष्काळजीपणाला नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सेवेतल्या त्रुटीची जी व्याख्या आहे, तिच्यात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं.

जाहिरातीतल्या गॅरंटीबद्दल तुमची अपेक्षा थोडी खाली आणावी लागेल. बहुधा ती कंपनीची असते आणि डॉक्टरला बदली स्क्रू देण्यापुरती असते. ऑपरेशनची फी, औषधं, तुमचा त्रास तिच्यात धरलेला नसतो. मात्र रुग्णाला हे न सांगता ‘आयुष्यभराची गॅरंटी’ एवढंच मोठ्या अक्षरांत छापणं दिशाभूल करणारं आहे, आणि तशी हमी देणं अनुचित व्यापारी प्रथेत मोडू शकतं. जाहिरातीचा फोटो, स्क्रीनशॉट, माहितीपत्रक आत्ताच जपून ठेवा, कारण नोटीस गेली की अशा जाहिराती बदलतात.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 69 नुसार दावा उद्भवल्यापासून 2 वर्षांची आहे. बधिरपणा ऑपरेशनच्या दिवसापासून आहे, म्हणजे घड्याळ तेव्हाच सुरू झालं असं समोरचे वकील म्हणतील, आणि त्या हिशेबाने तुमच्याकडे चार महिने उरले आहेत. ‘पुढच्या महिन्यात बघू’ या आश्वासनांनी मुदत वाढत नाही. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही वाढत नाही. सबळ कारण असेल तर आयोग विलंब माफ करू शकतो, पण ती त्याची मर्जी, तुमचा हक्क नव्हे. श्रीखंडे विरुद्ध अनिता फर्नांडिस या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की इजा उशिरा कळली तर मुदत कळल्यापासून धरता येते. पण त्याच निकालात वर्षानुवर्षं पोटदुखी सोसूनही चौकशी न करणाऱ्या महिलेची तक्रार मुदतबाह्य ठरली, तीही ऑपरेशनमध्ये पोटात राहिलेल्या गॉजची, म्हणजे जाळीदार पट्टीची. दुखणं अंगावर काढणाऱ्या प्रत्येक बाईला मी हा निकाल सांगतो. तुम्हीही सोसत बसलात, आता पुरे.

पहिलं काम म्हणजे दवाखान्याकडे लेखी अर्ज करून सगळी कागदपत्रं मागणं : केसपेपर, एक्स-रेच्या मूळ फाइली, संमतीपत्र, बिलं, आणि इम्प्लांटच्या पाकिटावरचं स्टिकर. त्या स्टिकरवर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असतो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या; नाकारली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. कागद दिले नाहीत तर ते नाकारणंच आयोगापुढे त्यांच्या विरोधात जाऊ शकतं. पडलेलं इम्प्लांट न धुता स्वच्छ डबीत ठेवा, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. कंपनीला तपासायचं असेल तर तपासू द्या, पण आयोगामार्फत किंवा दोन्ही बाजूंसमोर. स्क्रूमध्येच दोष निघाला तर उत्पादकावरही दावा होऊ शकतो, आणि वस्तू हातची गेली तर तो मार्ग बंद झाला.

त्याच वेळी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. शक्यतो सरकारी दंत महाविद्यालयातल्या ओरल अँड मॅक्सिलोफेशियल, म्हणजे तोंड व जबड्याच्या, सर्जनकडे जा. सीबीसीटी काढून टिकलेलं इम्प्लांट नसेपासून किती अंतरावर आहे हे लेखी घ्या, ओठाच्या संवेदनेची चाचणी करून घ्या. व्ही. किशन राव खटल्यात 2010 साली न्यायालयाने म्हटलं, की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही. स्कॅनमध्ये स्क्रू थेट नसेच्या नळीत शिरलेला दिसला तर चित्रच बोलतं. तरीही हे मत घ्याच, आयोगात त्याचा मोठा आधार होतो. आणि ते इम्प्लांट काढावं असं सर्जनने सुचवलं तर खटल्यासाठी थांबू नका. आधी स्कॅन आणि फोटो, मग उपचार. तुमच्या तब्येतीचा निर्णय वकिलाने करायचा नसतो.

जिल्हा आयोगात तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते. डॉक्टरांना मोजलेली फी 5 लाखांपर्यंत असेल तर दाखल शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मागणीत फी परत, दुरुस्तीच्या उपचारांचा खर्च, कायमचा बधिरपणा, मानसिक त्रास आणि खटल्याचा खर्च हे वेगवेगळे मुद्दे करा. बधिरपणामुळे रोज काय होतं ते साध्या शब्दांत लिहा : चहा गरम लागत नाही, ओठ चावला जातो, अन्न लागलेलं कळत नाही. डॉक्टरांची व्यावसायिक विमा पॉलिसी असल्यास विमा कंपनीलाही सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, करता येतं. राज्य दंत परिषदेकडे व्यावसायिक वर्तनाची तक्रार वेगळी करता येते, मात्र तिथून पैसे मिळत नाहीत.

पोलिसांत जाऊ नका. डॉक्टरविरुद्ध फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो आणि आधी निष्पक्ष वैद्यकीय मत घ्यावं लागतं. तुमच्या प्रकरणात त्याने चार मोलाचे महिने वाया जातील. मुलाच्या अभिप्रायात घडलेल्या गोष्टी खऱ्या असतील तर त्या राहू द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये लोकहितासाठी सांगितलेलं सत्य आणि सद्हेतूने दिलेलं मत यांना अपवाद आहे. पण ‘लुटारू’, ‘कसाई’ असे शब्द असतील तर ते आजच काढायला सांगा, आधीच्या मजकुराचा स्क्रीनशॉट ठेवून.

राहिला तडजोडीचा प्रश्न. तडजोड वाईट नाही. आयोगापुढेही मध्यस्थीची सोय आहे, आणि डॉक्टर काही देऊ करत आहेत हे चांगलंच आहे. पण स्कॅनचा अहवाल हातात येण्याआधी तुमच्या ओठाची किंमत तुम्हालाही माहीत नाही आणि त्यांनाही नाही. त्यांना लेखी कळवा : ‘निकामी झालेल्या इम्प्लांटची फी परत घेण्यास मी तयार आहे, ओठ व हनुवटीच्या बधिरपणाबाबतचे माझे सर्व हक्क राखून ठेवत आहे.’ या शब्दांवर पैसे देत असतील तर घ्या, पावतीवरही हेच वाक्य लिहा. देत नसतील तर पैसे सोडा आणि तक्रार दाखल करा.